कॉलेजातलं तत्त्वज्ञान आणि आपली दिंडी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात मासवण येथे झालेले भाषण. नातीने फोनवर घेऊन उतरवले, आम्ही वाचून दुरुस्त केले.)

समितीने आम्हाला सांगितलं, बुवा, शताब्दीचं वर्ष आहे, तुम्ही जुन्या आठवणी सांगा. पण आमच्यापेक्षा जुनी माणसं इथे पुढे बसली आहेत, त्यांच्यासमोर आम्ही काय आठवणी सांगणार? म्हणून आम्ही आज दुसराच विषय घेतला आहे. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकणे. हसा, हसा. चौथी पास माणूस कॉलेजवर बोलायला उभा राहिला म्हणजे हसू येणारच. चौथीनंतर आमच्या हातात गुरांची काठी आली, पुस्तक पुन्हा हातात आलं ते थेट ज्ञानेश्वरीचं.

पण त्या ज्ञानेश्वरीपासूनच सुरुवात करतो. आमच्या वडिलांकडे जी पोथी होती, लाल फडक्यात बांधलेली, ती सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी. वर ओवी, खाली अर्थ. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी तीच असेल. तुम्ही पारायणाला तीच उघडता. सोनोपंत कोण होते हे मात्र नव्या पोरांना विचारलं तर म्हणतात, पालघरच्या कॉलेजचं नाव. खारेकुरण रस्त्याला कॉलेज आहे ना, सोनोपंत दांडेकर कॉलेज, तेवढंच.

तर ऐका. शंकर वामन दांडेकर. लोक सोनोपंत म्हणत, मामासाहेब म्हणत. जन्म १८९६ सालचा, आणि कुठला? आपल्या पालघर तालुक्यातल्या माहीमचा, केळवे-माहीमचा. इथून वाघोबा खिंड ओलांडली, पालघर ओलांडलं, की समुद्राच्या अंगाला माहीम. तिथला हा माणूस पुण्याला शिकला आणि कॉलेजात तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक झाला. एस. पी. कॉलेजचा प्रिन्सिपॉल झाला. आणि तोच माणूस अंगावर उपरणं टाकून, मागे टाळकरी घेऊन कीर्तनाला उभा राहायचा. गुरू कोण, तर विष्णुबुवा जोग. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, त्या कामात सोनोपंत सुरुवातीपासून होते. त्यांनी वारकरी पंथाचा इतिहास लिहिला आणि एक पुस्तक लिहिलं, ज्ञानदेव आणि प्लेटो. प्लेटो म्हणजे ग्रीस देशातला, ख्रिस्ताच्या आधीचा. आपल्या माउलीला आणि त्या ग्रीक माणसाला एका पाटावर बसवून दोघांचं ऐकून घेणारा पुरुष आपल्या तालुक्यातला.

१९१७ला आळंदीची संस्था, आणि बरोबर एक वर्ष आधी, १९१६ साली, खानदेशात अमळनेरला प्रताप शेठनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं. गिरणीचे मालक होते ते. साने गुरुजी तिथे शिकायला होते. आणि अमळनेर म्हणजे सखाराम महाराजांचं गाव, तिथून पायी दिंडी पंढरपूरला येते. एकीकडे आळंदीला मधुकरी मागून पोरं विचारसागर आणि पंचदशी शिकत होती, दुसरीकडे अमळनेरला पदवीधर पोरं शंकराचार्य वाचत होती. दोघांना एकमेकांची अडचण वाटली असं आम्ही कुठे ऐकलं नाही. अडचण आपल्याला वाटते, आताच्या लोकांना. आपण म्हणतो, तत्त्वज्ञान वाचलं की भक्ती जाते, डोक्यात किडा शिरतो.

आम्हीही तेच म्हणालो होतो. तीच गोष्ट सांगायला उभा आहे.

आमची नात बारावी झाली आणि म्हणाली, मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेणार. घरात पहिलीच कॉलेजला जाणारी मुलगी. तिचा बाप, म्हणजे आमचा थोरला, बोईसरला एमआयडीसीत पाळीवर जातो. तो म्हणाला, तारापूरच्या कुठल्या कंपनीत तत्त्वज्ञानाचं काम निघतं ते आधी मला दाखव. आम्ही म्हणालो, अगो, तत्त्वज्ञान हवंय तर माझ्या कीर्तनाला बस, माटुंग्याला जायला कशाला पाहिजे? ती म्हणाली, आजोबा, तुमच्या कीर्तनात मला प्रश्न विचारता येत नाही.

आम्ही गप्प झालो. कारण ते खरं होतं. चाळीस वर्षं आम्ही कीर्तन करतो. आम्ही स्वतःच आक्षेप काढतो, की इथे कोणी असं म्हणेल, तर त्याला उत्तर असं. शास्त्रात याला पूर्वपक्ष म्हणतात. पण तो आक्षेपही आमचा, उत्तरही आमचं. समोरची माणसं विठ्ठल विठ्ठल म्हणायला. एकदा इथल्याच सप्ताहात एका वारली गड्याने मध्येच उठून काही विचारलं होतं, तर आम्ही टाळ वाजवून त्याला खाली बसवलं. काय विचारलं होतं तेही आता आठवत नाही. ऐकलंच नव्हतं तर आठवणार कुठून?

अखेर पोरगी गेली. पहाटे उठून इथून रिक्षाने पालघर, तिथून लोकल, दादरला उतरून चालत. लावणीच्या दिवसांत पाय चिखलाचे धुऊन गाडी पकडायची. पहिल्या वर्षी रडायची. पुस्तकं बरीचशी इंग्रजीत, वर्गातली मुंबईची पोरं फाडफाड बोलणारी, आणि ही मागच्या बाकावर. आम्हाला वाटलं, महिनाभरात परत येईल. पण तिथल्या एका बाईंनी वर्गात सांगितलं म्हणे, की इथे उत्तर पाठ करून आलेल्यापेक्षा न कळलेलं सांगणारा मला जास्त हवा, आणि तुमच्या भाषेत सांगा. मग ही बोलायला लागली.

ती घरी येऊन सांगायची आणि आम्ही जेवता जेवता ऐकायचो. सॉक्रेटिस नावाचा एक माणूस होता, प्लेटोचा गुरू. बाप पाथरवट, आई सुईण. तो बाजारात उभा राहून लोकांना विचारायचा, तुम्ही धैर्य धैर्य म्हणता, ते म्हणजे काय हो? न्याय न्याय म्हणता, तो कसा असतो? माणूस बोलत जायचा, अडकत जायचा. सॉक्रेटिस म्हणायचा, मी आईचंच काम करतो, मूल तुमच्याच पोटातलं, मी फक्त बाहेर यायला मदत करतो. शेवटी त्याला विष पाजून मारलं, इ. स. पूर्व ३९९ साली. त्याने एक अक्षर लिहून ठेवलं नाही, लिहिलं ते शिष्याने. हे ऐकून आमची म्हातारी चुलीपाशी म्हणाली, म्हणजे जगनाड्यांनी तुकोबांचं लिहिलं तसंच की. नात तिच्याकडे बघतच राहिली.

आणि सुईणीवरून आम्हाला मुक्ताई आठवली. सगळे संत जमले होते, मुक्ताईने गोरोबांना सांगितलं, काका, तुमच्या थापटण्याने ही मडकी तपासा, कोणतं कच्चं ते सांगा. नामदेव कच्चे निघाले. रागावले, पण मग विसोबा खेचरांकडे शिकायला गेले. बघा, परीक्षा घ्यायला सांगणारी लहान मुलगी, परीक्षा घेणारा कुंभार, नापास झालेला देवाचा लाडका. आपण ही कथा सांगून टाळ्या घेतो. पण आपल्या घरातली मुलगी जेव्हा थापटणं मागते, तेव्हा काय करतो?

आता मूळ गोष्टीकडे येतो. जरा अवघड आहे, सांभाळून घ्या.

दुसऱ्या वर्षाला तिला न्याय हा विषय होता. एका रात्री सांगत होती. जॉन रॉल्स नावाचे अमेरिकेतले प्राध्यापक. १९७१ साली त्यांचं मोठं पुस्तक आलं. ते म्हणतात, समाजाचे नियम करायचे असतील तर सगळ्यांनी आधी एका पडद्यामागे बसावं. पडद्यामागे कुणालाच माहीत नाही, की बाहेर गेल्यावर आपण कोण असणार. जमीनवाला की मजूर, बाई की पुरुष, धडधाकट की लंगडा. आणि मग नियम करा. कुणी लबाडी करणार नाही, कारण उद्या आपणच त्या जागी असू.

आम्ही म्हणालो, यात काय नवीन? हे तर आम्ही नदीवर करायचो.

ते नवीन पोरांना सांगायला हवं. ही माळ गळ्यात यायच्या आधीची गोष्ट, माळकऱ्यांनी क्षमा करावी. पावसाळा सरला की सूर्या नदीत आम्ही दहा-बाराजण मिळून मासे धरायचो. कुणबी, वारली, कातकरी, सगळे. मग काठावर पानं मांडून वाटे पाडायचे. मोठा मासा एका वाट्याला गेला की भांडण, म्हणून एक रीत होती. एकजण नदीकडे तोंड करून, वाट्यांकडे पाठ करून बसायचा. दुसरा एका वाट्याला काठी लावून विचारायचा, हा कुणाचा? पाठमोरा बसलेला नाव घ्यायचा. त्याला दिसतच नाही कुठला वाटा आहे ते. आणि वाटे पाडणाऱ्यालाही ठाऊक नाही आपल्याला कुठला येणार. म्हणून तो इतके बारकाईने वाटे पाडायचा, की शेपटी तोडून इकडची तिकडे ठेवायचा. आमच्याकडे पाठ करून बसायचा तो बहुतेक एक वारली म्हातारा असायचा. शाळेची पायरी चढलेला नव्हता, पण त्याच्या नावे कधी तंटा झाला नाही.

नातीचे डोळे असे मोठे झाले. म्हणाली, आजोबा, हे मी वर्गात सांगणार. आणि सांगितलंनही. बाईंनी फळ्यावर वाटे काढून घेतले म्हणे. आम्हाला इतका अभिमान वाटला, दोन दिवस जो भेटेल त्याला सांगत होतो, की आमचं नदीवरचं तत्त्वज्ञान माटुंग्याच्या फळ्यावर गेलं.

तिसऱ्या दिवशी तिने विचारलं. शांतपणे विचारलं, भाकरी मोडता मोडता. आजोबा, आत्याआजीचा वाटा पाडलात तेव्हा तुम्ही पाठ फिरवली होती का?

मंडळी, आठ वर्षांपूर्वी आम्ही आमच्या थोरल्या बहिणीकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी घेतलेलं आहे, तेव्हा मान खाली घालू नका, आम्ही आमचंच सांगतो आहे. महाराष्ट्रात १९९४ साली मुलींच्या हक्काचा कायदा झाला, २००५ साली सगळ्या देशाला झाला. आम्हाला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर अंगठा पाहिजे होता. बहिणीला पालघरला नेलं, अंगठा घेतला, साडी-चोळी केली, हॉटेलात जेवू घातलं. म्हणालो, बाय, माहेर तुला कायम उघडं आहे. आणि त्याच संध्याकाळी आम्हाला एका गावी कीर्तन होतं. विषय काय लावला होता सांगू? जनाबाई. देव तिच्यासोबत दळायला बसला, कारण देवाच्या घरी लहानमोठं नाही. लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं. आमच्याही आलं. खोटं नव्हतं ते, एवढंच सांगतो. माणूस खरं रडतो आणि खिशात कागद असतो.

पुढे रस्त्याच्या कामात त्याच जमिनीतला एक तुकडा गेला आणि पैसे आले. बहिणीला त्यातलं काही दिलं नाही. मागितलंही नाही तिने.

तर नातीने असं विचारल्यावर आम्ही ताट सरकवलं. तिला म्हणालो, हेच शिकवतात का तुला तिथे? उद्यापासून कॉलेज बंद. तिच्या बापाला बरंच वाटलं. ती दुसऱ्या दिवशी गेली नाही, तिसऱ्या दिवशी गेली नाही. आमच्या मनात मात्र कीर्तन सुरू. एक मन म्हणे, तिने स्वतः अंगठा दिला, जबरदस्ती कुठे केली? दुसरं मन म्हणे, देणार नाही म्हणायची तिला सोय होती का? एक म्हणे, सगळं गाव करतं. दुसरं म्हणे, सगळं गाव चोखोबांनाही बाहेरच ठेवत होतं. आयुष्यभर आम्ही पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष मांडले, पण पहिल्यांदा दोन्ही पक्ष खरेखुरे आमच्याच अंगावर आले. तेव्हा कळलं, की कॉलेजात जे शिकवतात ते हेच असावं. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षाही चांगलं करून मांडायचं, आणि मग बघायचं आपलं उभं राहतं का.

चौथ्या दिवशी पहाटे काकड्यानंतर आम्ही तिला उठवलं, म्हणालो, गाडी चुकेल.

आता कुणी म्हणेल, बुवा, हे शहाणपण काय कॉलेजच्या मुलांचं राखीव आहे का? नाही ना. तेच तर म्हणतो. हे कुणाचंच राखीव नाही. वारल्यांच्या लग्नात लग्न लावते कोण? धवलेरी. बाई आहे ती, ती गाते आणि लग्न लागतं. कुठल्या विद्यापीठाने तिला दाखला दिला नाही. बहिणाबाई शिऊरकरांनी वज्रसूची उपनिषद मराठीत आणलं, खरा ब्राह्मण कोण याचा विचार एका संसारी बाईने केला. मग उलटं कुणी म्हणेल, तर मग कॉलेज कशाला? त्याला आमचं उत्तर, नदीवरची रीत आम्हाला ठाऊक होती, पण ती मासळीपुरतीच राहिली. ती जमिनीलाही लागू होते हे सांगायला रॉल्स वाचलेली पोरगी घरात असावी लागली. नात सांगते, फ्रान्स देशात शाळेच्या शेवटच्या वर्षी शास्त्र घेणाऱ्या मुलांनासुद्धा तत्त्वज्ञानाचा पेपर असतो, चार तासांचा. मुंबई विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग कालिन्याला ज्या इमारतीत आहे तिचं नाव ज्ञानेश्वर भवन. नाव माउलीचं आहे, तर आपल्या पोरांना तिथे जायला भीती कसली? भाड्याची आणि इंग्रजीची अडचण आहे, ती खरी आहे. त्यासाठी दिंडीच्या फंडातून दरवर्षी एका मुलाचा किंवा मुलीचा पास काढावा असा अर्ज आम्ही समितीला दिलेला आहे. विषय कुठलाही असो, पण तत्त्वज्ञान असेल तर नाही म्हणू नये, एवढी एक ओळ आम्ही त्यात घातली आहे.

आणि गेल्या वारीत आम्ही एक केलं. मुक्कामी कीर्तन झाल्यावर आरतीच्या आधी अर्धा तास प्रश्नांना ठेवला. पहिले दोन दिवस कुणी तोंड उघडेना. तिसऱ्या रात्री तंबूत विंचू निघाला, एका गड्याने तो चपलेने ठेचला. तर तुळस घेऊन चालणारी एक माउली उठली आणि म्हणाली, बुवा, सर्वांभूती देव म्हणता, मग हा कोण होता? झालं. अर्धा तास ठरला होता, मध्यरात्र झाली. कुणी म्हणे लेकरं झोपली होती, मारायलाच हवा. कुणी म्हणे डब्यात धरून बाहेर सोडला असता. ज्याने मारला तो म्हणाला, मला विचार करायला वेळ कुठे होता? त्यावर ती म्हणाली, म्हणून तर आता करू, पुढच्या विंचवासाठी. आम्हाला त्याचं शेवटचं उत्तर अजून देता आलेलं नाही, आणि तसं आम्ही सांगून टाकलं. लोकांना वाईट वाटलं नाही. उलट दुसऱ्या दिवशी चालताना तीच चर्चा, पायाचे फोड विसरले. दुसरा प्रश्न एका मुलीने विचारला, आपल्या दिंडीत वीणा बाईच्या गळ्यात का नाही? तो प्रश्न समितीपुढे आहे. समिती विचार करते आहे. शंभर वर्षं झाली, अजून थोडा वेळ लागेल म्हणतात.

राहिलं बहिणीचं. आम्ही तिच्याकडे गेलो. रस्त्याच्या पैशांतला तिचा वाटा पिशवीत घेऊन गेलो, नात बरोबर होती. बहीण पंचाहत्तरीला आली आहे, डोळ्यांना कमी दिसतं. पैसे पुढे ठेवले तर म्हणाली, भाऊबीज आहे का आज? आम्ही सगळं सांगितलं. नदीवरचे वाटे सांगितले, तो पाठमोरा म्हातारा सांगितला, तोही तिच्या आठवणीतला. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, तेव्हा तू मला विचारलं असतंस तर मी तशीही सोडली असती जमीन. तू विचारलंच नाहीस. अंगठा कुठे उठवायचा तेवढं दाखवलंस.

त्यावर आमच्याकडे पूर्वपक्षही नव्हता.

पैसे तिने ठेवून घेतले, मोजून घेतले, आणि बरं झालं मोजले. जमिनीचं आता बक्षीसपत्र करायचं आहे, नदीकडच्या तुकड्यात तिचं नाव लावायचं. वकिलाने कागद तयार केला आहे. थोरला अजून सहीला कां कूं करतो आहे, तोही इथेच मंडपात मागे उभा आहे, टाळ घेऊन. त्याला आम्ही अंगठा कुठे करायचा ते दाखवणार नाही. विचारतो आहोत, रोज रात्री जेवताना विचारतो.

हे सगळं चारचौघांत बोलायचं तर बहिणीला विचारूनच बोलावं म्हणून काल तिच्याकडे जाऊन आलो. म्हणाली, बोल, पण मी समोर बसणार, एक शब्द इकडचा तिकडे केलास तर तिथल्या तिथे उठून सांगेन. ती तिथे पहिल्या रांगेत बसली आहे, हिरव्या लुगड्यात. अजून उठलेली नाही.

रामकृष्ण हरी.